डोंगरावरचा स्तूप आणि वानचे पाणी

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अकोला येथे भरलेल्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा किंचित संस्कारित मजकूर.)



वर्गाच्या संयोजकांनी मला ‘विश्वशांती आणि समाजवादी चळवळ’ असा विषय नेमून दिला आहे. विषय भारदस्त आहे आणि तो नेमताना त्यांनी माझ्याविषयी दाखविलेल्या विश्वासाबद्दल मी आभारी आहे. परंतु खरे सांगायचे तर या विषयावर बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही. युक्रेनविषयी आपण ठराव केले, गाझाविषयी केले. ते एकमताने संमत झाले आणि आपल्याच साप्ताहिकात छापून आले. ते चुकीचे होते असे मी म्हणत नाही. मात्र ठराव करताना आपल्याला एक दिवसाची मजुरीही गमवावी लागली नाही, एवढे मान्य करू या. म्हणून आज मी विश्वशांतीवर व्याख्यान देण्याऐवजी, तिच्या नावाने बांधलेला एक स्तूप पाहून आलो, त्या प्रवासाची हकिगत सांगणार आहे. त्यातून काही निघाले तर ते तुमचे. नाही निघाले तर संयोजकांनी मला क्षमा करावी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील शेतमजूर भगिनींचा एक जथा बुद्धगया, राजगीर, नालंदा, सारनाथ अशा यात्रेला निघाला. कोणी तेल्हारा तालुक्यातल्या, कोणी बाळापूरच्या, काही दर्यापूरकडच्या. दोन वर्षे बचत गटात पैसे बाजूला टाकून त्यांनी हा खर्च जमविला होता. रेल्वेची आरक्षणे, धर्मशाळा, हिंदीत बोलणी यांसाठी कोणीतरी बरोबर असावे, म्हणून मला त्यांनी ओढले. निघताना आपल्यातल्याच एका ज्येष्ठ साथींनी विचारले, “काय, तीर्थयात्रेला?” त्या प्रश्नातली खोच मला कळली. तिचे उत्तर मी त्या वेळी दिले नाही, ते आता देतो. १९३४ साली पाटण्याला काँग्रेस समाजवादी पक्षाची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्ष आचार्य नरेंद्र देव होते. हेच आचार्य पुढे १९४२ नंतर अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाच्या भाषांतराला बसले. त्यांचा ‘बौद्ध धर्म-दर्शन’ हा हिंदीतील मोठा ग्रंथ १९५६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मार्क्स वाचणाऱ्या या माणसाला बुद्धाचे वावडे नव्हते. आपल्याला का असावे?

तर प्रवास. अकोला स्थानकावर गाडीची वाट पाहत असतानाची एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. तेल्हाऱ्याकडच्या बायांनी वानच्या पाण्याचे दोन कॅन भरून आणले होते. बाळापूरकडच्या एका म्हाताऱ्या आईने त्यातले पेलाभर पाणी घेतले, तोंडात थोडे घोळविले आणि म्हणाली, “गोड हाय वो माय. हेच त पाणी आमाले भेटनार होतं.” ती हसत हसतच म्हणाली, पण कॅनवाल्या बाया हसल्या नाहीत. मग फलाटावर बराच वेळ कोणी बोलले नाही. गाडी आली, सामानाची धांदल उडाली आणि ते तेवढ्यावर राहिले.

राजगीर म्हणजे जुने राजगृह, मगधाची राजधानी. सभोवती पाच टेकड्या आणि मध्ये खोलगट जागा. त्यांपैकी रत्नगिरीच्या माथ्यावर विश्वशांती स्तूप उभा आहे. १९६५ साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि १९६९ साली राष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी यांनी त्याचे उद्घाटन केले. वर जायला रोपवे आहे. पूर्वीपासूनच्या एकेकट्या लोंबत्या खुर्च्या आहेत आणि अलीकडे बंद डब्यांचीही सोय झाली आहे. रांग मोठी होती. आमच्या निम्म्या बायांनी तिकिटाचे पैसे वाचवून पायीच चढणे पसंत केले. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या त्या पायांना चढाचे भय नव्हते. भय वाटले ते मला, परंतु सांगायची लाज वाटून मीही पायीच निघालो आणि तिसऱ्या वळणावर त्याबद्दल स्वतःला बोल लावला.

वर पोहोचल्यावर मात्र थकवा राहत नाही. पांढराशुभ्र घुमट, त्याच्या चार दिशांना चार कोनाडे आणि त्यांत सोनेरी मूर्ती: जन्म, बोधी, प्रथम प्रवचन, महापरिनिर्वाण. खाली चहूबाजूंनी हिरवे रान. शेजारच्या जपानी मंदिरातून ढोलकीसारख्या वाद्याचा एकसुरी ठोका येत होता. बायांनी प्रदक्षिणा घातली, त्रिशरण-पंचशील म्हटले आणि सावली पाहून शिदोऱ्या सोडल्या. मी जरा भारावून म्हणालो, “किती शांतता आहे, नाही?” त्यावर फलाटावरचीच ती बाळापूरची आई भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, “येवढी शांती त आमच्या गावातबी रायते भाऊ, रातच्याला. मंग झोप काऊन लागत नाही?”

मित्रहो, या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. देता आले नाही. आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाभोवतीची धडपड आहे.

हा स्तूप कोणी बांधला, ते पाहू. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू, जन्म १८८५ चा. ते १९३१ साली भारतात आले आणि १९३३ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींना भेटले. आपल्या शेजारच्या वर्ध्याला! ‘फुजी गुरुजी’ हे नाव त्यांना तेथेच लाभले आणि त्यांच्या पंथाचा जपमंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला, तोही त्या भेटीगाठींतून. पुढे १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे अणुबाँबने जाळली गेली आणि फुजींनी जगभर शांतिस्तूप उभारण्याचा संकल्प केला. पहिला स्तूप १९५४ साली जपानात कुमामोतो येथे झाला; राजगीरचा त्यानंतर पंधरा वर्षांनी. वर्ध्यालाही गीताई मंदिराजवळ असाच स्तूप १९९३ पासून उभा आहे. तो सपाटीवर आहे आणि बडनेऱ्याहून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे? हात वर करायला सांगत नाही, कारण मला स्वतःलाही राजगीरहून परत आल्यावरच त्याची आठवण झाली.

आता एवढेच असते तर मी म्हणालो असतो की एका सज्जन भिक्षूने सज्जन इमारती बांधल्या. स्तूप बांधून बाँब थांबत नाहीत. आपल्या सरकारनेही बुद्धाच्या नावाशी काय खेळ केला ते आपण पाहिले आहे. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीला बुद्धाच्या स्मिताचे नाव चिकटले आणि १९९८ साली दुसऱ्या खेपेच्या चाचण्यांचा पहिला दिवस होता बुद्धपौर्णिमेचा. राष्ट्रपती स्तूपाचे उद्घाटन करतात आणि तेच राष्ट्र बाँबच्या बारशाला बुद्धाला बोलावते. डोंगरावरच्या शांतीचा सरकारला त्रास होत नाही, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे.

परंतु फुजींच्या भिक्षूंची दुसरीही एक हकिगत आहे आणि ती मला स्तूपापेक्षा मोठी वाटते. तोकियोच्या बाजूला ताचिकावा येथे अमेरिकेचा लष्करी विमानतळ होता. १९५५ साली त्याची धावपट्टी वाढविण्यासाठी सुनागावा गावची शेते घ्यायचे ठरले. शेतकरी अडून बसले. कामगार संघटना, विद्यार्थी आणि समाजवादी त्यांच्या बाजूने उतरले. आणि त्या गर्दीच्या पुढे फुजींच्या पंथाचे पिवळ्या वस्त्रांतले भिक्षू चिखलात मांडी घालून आपली ढोलकी वाजवीत बसले. १९५६ च्या शरद ऋतूत पोलिसांच्या लाठ्या चालल्या, तेव्हा त्या त्यांच्याही डोक्यांवर चालल्या. त्यांनी हात उचलला नाही आणि जागाही सोडली नाही. धावपट्टीचा तो विस्तार अखेर झालाच नाही, शेते राहिली. म्हणजे ज्यांनी शिखरावर शांतीचा घुमट चढविला, त्यांना ती शांती कुणाच्या तरी शेताच्या बांधावरच मिळवावी लागते हे ठाऊक होते. राजगीरला घुमट पाहणाऱ्यांना कोणी सुनागावाची हकिगत सांगत नाही. तेथे छायाचित्रे काढली जातात.

स्तूपावरून उतरताना एक वाट गृध्रकूटाकडे फुटते. गिधाडाच्या आकाराचा खडक, त्यावर विटांच्या जुन्या चौथऱ्याचे अवशेष. बुद्धाचे येथे वास्तव्य असे. आमच्या बाया तेथे मूकपणे बसल्या आणि मला मात्र पाली ग्रंथातील एक प्रसंग आठवत राहिला. मगधाच्या अजातशत्रूला गंगेपलीकडच्या वज्जींचे गणराज्य बुडवायचे होते. हा तोच अजातशत्रू, ज्याने बापाला, बिंबिसाराला, कैदेत घातले. त्याने आपला मंत्री वस्सकार याला या डोंगरावर बुद्धाकडे धाडले: वज्जींवर चढाई करू काय? बुद्धाने त्याला सरळ उत्तर दिले नाही. त्याने शेजारी वारा घालीत उभ्या असलेल्या आनंदाला विचारायला सुरुवात केली. वज्जी वारंवार सभा भरवितात काय? एकोप्याने जमतात आणि एकोप्याने उठतात काय? ठरलेले नियम पाळतात काय? वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय? बायकामुलींवर जबरदस्ती करीत नाहीत ना? अशा सात गोष्टी. आनंद प्रत्येकीला होय म्हणाला. वस्सकार हुशार होता. तो समजला की सभा भरते आहे तोवर वज्जी लढाईत हरणार नाहीत. त्यांच्यात फूट पाडली पाहिजे. पुढे अट्ठकथेत सांगितले आहे की त्याने वैशालीत जाऊन तीन वर्षे हेच केले. याच्या कानात एक, त्याच्या कानात दुसरे. तीन वर्षांनी सभेची भेरी वाजली तेव्हा कोणीही आले नाही.

ही हकिगत मी मुद्दाम सांगतो आहे. शांती म्हणजे मनाची स्वस्थता असे आपण ऐकत आलो. गृध्रकूटावर बुद्धाला एका राज्याच्या शांतीविषयी विचारले गेले, तेव्हा त्याने पहिल्यांदा सभेविषयी विचारले, ध्यानाविषयी नव्हे. आपल्या तालुका समित्यांच्या बैठकी गेल्या वर्षात किती झाल्या, याची नोंद कार्यालयात आहे. ती मी कालच पाहिली. येथे वाचून दाखवीत नाही.

पण त्या दिवशीचा खरा धडा मला संध्याकाळी मिळाला आणि तो दर्यापूरकडच्या एका बाईंनी दिला. आम्ही धर्मशाळेच्या ओट्यावर बसलो होतो. या बाई वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या विहारात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचून दाखवितात. शिक्षण सातवी. मी अजातशत्रूची गोष्ट त्यांना जरा ऐटीतच सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “ते झालं भाऊ. पन भगवान पयल्यांदा याच डोंगराच्या पायथ्याशी राह्यला होता ना, झोपडी करून? तवा काय झालं ते नाही सांगितलं तुम्ही.” मला ते ठाऊक नव्हते. ग्रंथ माझ्या घरी कपाटात आहे.

ती हकिगत आता तुम्हाला सांगतो. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी असे चौघे पाहून, असे आपण शाळेत शिकलो. धर्मानंद कोसंबी हे गोव्याचे, पाली भाषेचे आपल्याकडचे आद्य पंडित. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. त्यांनी आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ही कथा मानली नाही. सुत्तनिपातातील ‘अत्तदंड’ नावाच्या सुत्तावर बोट ठेवून त्यांनी दाखविले की शस्त्रे उचलून एकमेकांवर धावणारी माणसे पाहून सिद्धार्थ विटला. त्या सुत्तात आटत चाललेल्या पाण्यातल्या माशांची उपमा येते. पाणी ही नुसती उपमा नव्हती. शाक्य आणि कोलिय यांच्या मधून रोहिणी नदी वाहत होती. दोघांनी मिळून तिला बांध घातला होता. जुन्या अट्ठकथेत म्हटले आहे की जेठ महिन्यात पिके सुकू लागली तेव्हा भांडण पेटले आणि ते आधी लागले ते दोन्ही बाजूंच्या दासांत आणि मजुरांत. शेत मालकाचे, पाणी मालकाच्या शेतासाठी. आणि डोकी फुटली ती मजुरांची. पुढे मालक तलवारी घेऊन आले, ती गोष्ट वेगळी.

बाबासाहेबांनी आपला ग्रंथ रचताना हे सूत्र घेतले आणि पुढे नेले. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर निघाला. त्यांच्या मांडणीत शाक्यांच्या संघाची सभा भरते. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहतो आणि म्हणतो की अपराध कोणाचा हे आधी तपासू. आपण दोघे निवडू, कोलियांनी दोघे निवडावेत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी पाण्याचा निवाडा करावा. सूचना बाजूला पडते, युद्धाचा ठराव बहुमताने संमत होतो. सिद्धार्थ सैन्यात जाणार नाही म्हणतो. मग शिक्षा निवडायची पाळी येते आणि तो परागंदा होणे पत्करतो. पत्नीचा निरोप घेतो, रात्रीचा पळून जात नाही. आणि येतो कोठे? राजगृहाला. पांडव नावाच्या टेकडीखाली पानांची झोपडी बांधतो.

तेथे पाच परिव्राजक बातमी आणतात की शाक्य आणि कोलिय यांच्यात लोकांच्या आंदोलनामुळे समझोता झाला. युद्ध टळले. आता घरी जायला हरकत नव्हती. परंतु तो जात नाही. तो विचार करतो की दोन राज्यांतले युद्ध कधीमधी होते; वर्गावर्गांतला झगडा मात्र रोजचा आहे आणि जगातल्या दुःखाचे मूळ त्यात आहे. त्या मुळाशी गेल्याशिवाय परतायचे नाही, असे तो ठरवितो. हे बाबासाहेबांनी लिहिले आहे. आपल्यापैकी जे साथी अजूनही म्हणतात की बाबासाहेबांना वर्गाचा प्रश्न दिसला नाही, त्यांनी हे प्रकरण आधी वाचावे. मीही त्यांच्यातलाच होतो.

म्हणजे बघा: डोंगराच्या माथ्यावर आज विश्वशांतीचा स्तूप आहे आणि त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, बाबासाहेबांच्या सांगण्याप्रमाणे, सिद्धार्थाने शांतीची बातमी ऐकली आणि ती पुरेशी नाही असे ठरविले. बाळापूरच्या आईने वर बसून विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता. तिच्या गावात रात्री सामसूम असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले ते गाव. विहिरीचे पाणी खारे, बोअरचे खारे. मूत्रपिंडाच्या दुखण्यांनी गावे पोखरली आहेत अशी तेथल्या लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. टँकर केव्हा येईल ते ठाऊक नसते, म्हणून बायका जाग्या राहतात. अशा जागरणाला शांती म्हणणार असाल तर म्हणा.

दुसऱ्या एका प्रकारच्या शांतीचाही आपल्याला अनुभव आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दगडफेक, जाळपोळ झाली; मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल होऊन एकाचा जीव गेला. दोन्ही वेळा संचारबंदी लागली. रस्ते ओस पडले आणि बातम्यांत सांगण्यात आले की शहरात शांतता आहे. मग पोलीस ठाण्यात शांतता समितीच्या बैठका झाल्या. त्यांत आपण बसलो, चहा घेतला, सही केली. ज्यांची हातगाडी जळली त्यांना मात्र त्या समितीत बोलावले नव्हते. शांतता पाळा हे नेहमी कोणाला सांगितले जाते, याचा जुना अनुभव अमरावतीच्या मंडळींना तरी असायला हवा. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेथे पेटला आणि नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हाही सबुरीचा उपदेश दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाच ऐकावा लागत होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे सांगितले तिच्याकडे येतो.

वान नदीवर वारी भैरवगडजवळ धरण आहे. सातपुड्यातून उतरणारे ते गोडे पाणी. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांना ते सिंचनासाठी हवे आहे. त्यांच्या जमिनी गेल्या, कालव्याची वाट त्यांनी पाहिली. बाळापूर तालुक्याच्या बाजूच्या एकोणसत्तर गावांना तेच पाणी पिण्यासाठी नळाने द्यावे अशी योजना झाली. तेल्हाऱ्यात विरोध झाला, योजनेला स्थगिती मिळाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँकर बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरच्या दिशेने लोक पायी निघाले. हे सर्व तुम्हाला ठाऊक आहे. जे लिहिलेले नाही ते मी सांगतो. त्या काळात मी तेल्हाऱ्याला सभेत बोललो. शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळविण्याचा डाव आहे असे मी म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. पुढच्याच महिन्यात बाळापूरकडे बोललो. पिण्याच्या पाण्याचा हक्क सर्वांत आधी, असे म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. दोन्ही वाक्ये माझ्या मते खरी होती. परंतु दोन्ही सभांत मी एकच वाक्य बोललो नाही, आणि ते न बोलणारा मी एकटा नव्हतो. वस्सकाराला वैशालीत तीन वर्षे लागली. आमचे काम काही आठवड्यांत झाले.

आज या सभागृहात तेल्हाऱ्याचे साथी खिडकीच्या बाजूला बसले आहेत आणि बाळापूरचे दाराच्या बाजूला. सकाळच्या चहाच्या वेळीही ते तसेच दोन ओळींत उभे होते. एका पक्षाचे सभासद, एकाच लाल रंगाच्या पिशव्या. मी हे टीका म्हणून सांगत नाही. ज्याच्या नातवाला खारे पाणी पाजावे लागते त्याने रागवावे आणि ज्याचे पीक कालव्याअभावी वाळते त्यानेही रागवावे. माझे म्हणणे एवढेच की हा राग एकमेकांकडे वळला आहे आणि तो ज्यांच्याकडे वळायला हवा ते निवांत आहेत. धरणात किती पाणी साठते, त्यातले पिण्यासाठी किती राखले, शहराला आणि कारखान्यांना किती, कालव्यातून शेवटच्या शेतापर्यंत प्रत्यक्षात किती पोहोचते, मधेच कोणाच्या विहिरीत आणि शेततळ्यात जाते, हा हिशेब आपल्यापैकी कोणी मागितला आहे काय? तेल्हाऱ्याच्या भूमिहीन मजुराला कालव्याचे पाणी मिळत नाही, कारण त्याला शेत नाही. बाळापूरच्या भूमिहीन मजुराला नळाचे मिळत नाही, कारण योजना अडली. रोहिणीच्या काठीही हीच दोन माणसे एकमेकांवर धावली होती.

परतीच्या गाडीत नागपूरच्या पुढे बायांचे पाणी संपले. तेल्हाऱ्याच्या एका बाईने एका कॅनच्या तळाशी उरलेले वानचे पाणी प्रवासभर जपून ठेवले होते. घरी नेऊन काय करणार होती कोण जाणे. घरी ते तिला भरपूर होते. तिने ते पेल्यात ओतले, आधी बाळापूरच्या आईपुढे धरले आणि म्हणाली, “घ्या आजी. पन तुमच्या मोर्च्यात आमाले शिव्या नोका देऊ.” म्हातारीने पाणी घेतले आणि म्हणाली, “तुमी अडवू नोका, मंग नाही देत.” कोणी कोणाला शरण गेले नाही. पण त्या बोलल्या. बडनेरा येईपर्यंत बोलत होत्या: कालवा कुठवर आला, पाइप कुठून जाणार होता, कोणत्या महिन्यात पिकाला पाणी लागते आणि कोणत्या महिन्यात नुसते वाहते. आपल्या एकाही अभ्यासवर्गात वानच्या पाण्याची इतकी माहिती मी ऐकली नव्हती.

अध्यक्ष महाराज, वेळ संपल्याची चिठ्ठी आपण दोनदा पाठविली आहे. माझी सूचना लेखी देतो आहे. तेल्हाऱ्याच्या साथींनी आपल्यातले दोघे निवडावेत, बाळापूरच्या साथींनी दोघे. दोन्हीकडून एक तरी भूमिहीन मजूर असावा आणि एक तरी बाई असावी. या चौघांनी पाचवी व्यक्ती निवडावी. ती दर्यापूरची असली तर माझ्या मनात एक नाव आहे, परंतु ते चौघांनीच ठरवायचे आहे. पाटबंधारे खात्याकडून धरणाचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागण्याचा अर्ज मी लिहून आणला आहे, त्यावर पाचांच्या सह्या हव्यात. आणि पाचांचा निवाडा होईपर्यंत पक्षाचा कोणीही वक्ता, माझ्यासकट, या दोन तालुक्यांत पाण्यावर वेगवेगळी भाषणे करणार नाही. सूचना मताला टाकावी. रोहिणीच्या वेळी ती बहुमताने पडली होती, हे मला ठाऊक आहे. जेवणाच्या सुटीआधी मतदान झाले तर बरे, कारण सुटीत मंडळी पुन्हा दोन रांगांत उभी राहतील.